वलणीवरचा किमोनो, खिडकीतलं मांजर: जपानी ठसाचित्रांतली बाई आणि निसर्ग

पावसाची सर अचानक आली आहे. बांबूच्या वलणीवर किमोनो वाळत घातलाय आणि तो भिजायच्या आत काढायला एक तरुण मुलगी धावत सुटली आहे. वाऱ्याने तिच्या कपड्यांचे घोळ उडताहेत. घाईत एका पायातली खडाव निसटून मागेच राहिली आहे. वळीव आला की आपल्या अंगणात आणि गच्चीत जी पळापळ होते तीच ही. सुझुकी हारुनोबु या चित्रकाराचं, कोरलेल्या लाकडी फळ्यांवरून छापलेलं १७६५ सालचं हे चित्र कळायला जपानी भाषा यावी लागत नाही.

जपानी वाचता येणाऱ्याला मात्र यात आणखी काही दिसतं. वलणीवरच्या किमोनोची नक्षी नीट पाहिली तर तिच्यात अक्षरं लपलेली आहेत: 'मोठे', मग दोन, तीन, पाच, सहा, आठ, दहा, आणि 'मेइवा २', म्हणजे १७६५, हे वर्ष. म्हणजे हे चित्र चक्क एक कॅलेंडर आहे. त्या काळी जपानात आपल्या पंचांगासारखीच चांद्र-सौर कालगणना होती. काही महिने तीस दिवसांचे, म्हणजे 'मोठे', काही एकोणतीस दिवसांचे, म्हणजे 'छोटे', अधूनमधून अधिक महिना, आणि कोणते महिने मोठे ते दर वर्षी वेगळं. देणीघेणी महिनाअखेरीला मिटवायची असल्यामुळे ही माहिती सगळ्यांनाच लागे. कॅलेंडर छापायचा हक्क मात्र सरकारने ठरावीक लोकांनाच दिला होता. मग एदो शहरातल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) हौशी, पैसेवाल्या काव्यप्रेमींनी वाट काढली. चित्रकाराकडून सुंदर चित्र करून घ्यायचं, त्यात मोठ्या महिन्यांचे आकडे लपवायचे आणि नववर्षाला ते एकमेकांना भेट द्यायचं. कोणाच्या चित्रातले आकडे शोधायला जास्त अवघड, यावर चढाओढ लागायची. या चढाओढीत खर्चाकडे कोणी पाहिलं नाही, आणि त्यातूनच १७६५ मध्ये अनेक रंगांचं पूर्ण रंगीत ठसाचित्र जन्माला आलं. जरीच्या कापडासारखं दिसतं म्हणून त्याला 'निशिकी-ए', म्हणजे जरीचित्र म्हणू लागले.

ही चित्रं बघण्याची किल्ली मला या एका चित्रात सापडते. बाई आणि पाऊस, बाई आणि बर्फ, बाई आणि फुलं असं जिथे जिथे दिसेल, तिथे बहुतेक वेळा काहीतरी लिहिलेलं असतं. कधी ते आकडे असतात, कधी झाडाच्या नावातला श्लेष, कधी बाईचं स्वतःचं नाव. ते वाचायची सवय झाली की चित्रात जे दाखवलेलं नाही तेही दिसू लागतं. त्याकडे आपण शेवटी येऊ.

तरंगतं जग

या चित्रप्रकाराचं नाव 'उकियो-ए'. 'ए' म्हणजे चित्र. 'उकियो' हा मूळचा बौद्ध वळणाचा शब्द, अर्थ 'दुःखाने भरलेलं जग'. सतराव्या शतकात लोकांनी त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ पुढे आणला: 'तरंगतं जग'. सगळं क्षणभंगुरच आहे ना, मग पाण्यावरच्या भोपळ्यासारखं तरंगत राहू, चंद्र पाहू, बर्फ पाहू, फुलं पाहू. अठराव्या शतकात एदोची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. व्यापाऱ्यांकडे पैसा होता, समाजात मान मात्र सामुराईंच्या खालचा. त्यांनी आपला आनंद काबुकी नाटकात, योशिवारा या सरकारमान्य वेश्यावस्तीत, ऋतूंच्या सहलींत शोधला आणि त्याची चित्रं विकत घेतली. एक ठसाचित्र साधारण एक-दोन वाडगे सोबा शेवयांच्या किमतीत मिळे. सुंदर स्त्रियांच्या चित्रांना वेगळं नाव होतं, 'बिजिन-गा'.

चित्रावर सही चित्रकाराची असली तरी काम चार हातांचं असे. प्रकाशक पैसे घालायचा आणि विषय ठरवायचा. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांत चित्र काढायचा. तो कागद लाकडी फळीवर उलटा चिकटवून कोरणारा त्याच्यावरूनच कोरायचा, त्यामुळे मूळ चित्र त्यातच नाहीसं व्हायचं. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरली जाई, आणि छापणारा एकाच कागदावर सगळ्या फळ्या एकापाठोपाठ एक, रेघही न हलता उमटवत असे. यंत्र नव्हतं. बांबूच्या पानात गुंडाळलेली गोल चकती कागदाच्या पाठीवर हाताने घासायची, एवढंच साधन. बाईच्या कपाळाजवळचे, कानशिलावरचे केस कोरायचं काम कारखान्यातल्या सर्वांत मुरलेल्या कारागिराकडे जायचं. त्या रेषा खऱ्या केसांइतक्याच बारीक असत.

झाडातून आलेली बाई

निसर्ग या चित्रांच्या विषयात येण्याआधी त्यांच्या सामानातच असतो. कोरायच्या फळ्या रानटी चेरीच्या लाकडाच्या. त्याचे कण घट्ट, बारीक, त्यामुळे केसासारखी रेषा कोरली तरी तुटत नाही. म्हणजे चेरीच्या बहराखाली उभी असलेली बाई चेरीच्याच लाकडातून कागदावर उतरलेली असते. कागद कोझोच्या सालीचा; कोझो हे तुतीच्या कुळातलं झाड. त्याच्या लांब, चिवट धाग्यांमुळे कागद ओला करून दहा-पंधरा वेळा घासला तरी फाटत नाही.

रंगांची गोष्ट तर आपल्या शेताच्या बांधावरून सुरू होते. ओठांचा, आतल्या वस्त्राचा, सांजवेळच्या आकाशाचा तो कोवळा लाल रंग येतो करडईच्या पाकळ्यांमधून. सोलापूर-मराठवाड्याकडे तेलासाठी पेरतात तीच ही काटेरी करडई. तिच्या पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल अगदी थोडा असतो. पिवळा पाण्याने धुऊन काढायचा, मग राखेच्या क्षाराने लाल सोडवायचा आणि आंबट पदार्थ घालून तो खाली बसवायचा. यातून निघालेली 'बेनी' इतकी महाग होती की तिचा मुख्य उपयोग श्रीमंत स्त्रियांच्या ओठांसाठी व्हायचा. चित्रातल्या बाईच्या ओठांवरचा रंग आणि ते चित्र हातात धरलेल्या बाईच्या ओठांवरचा रंग एकाच फुलाचा असायचा, हे कळल्यापासून मला ही चित्रं फार जवळची वाटतात.

निळा रंग आणखी नाजूक. हारुनोबुच्या काळात तो 'त्सुयुकुसा' नावाच्या रानफुलाचा असे. पावसाळ्यात आपल्याकडे शेताच्या कडेला उगवणारा, निळ्या फुलांचा केना आपण भाजी म्हणून खातो. त्याच कुळातली ही वनस्पती. तिच्या पाकळ्यांचा रस कागदात जिरवून वाळवून ठेवत आणि लागेल तेव्हा त्या कागदाचा तुकडा पाण्यात भिजवून रंग सोडवत. पाण्याने जागा होणारा हा रंग पाण्यानेच जातोही. दमट हवा लागली, उजेड लागला की तो विटतो. किमोनो रंगवणारे कारागीर कच्ची रेघ मारायला मुद्दाम हाच रंग घेत, कारण धुतला की मागमूस राहत नाही. म्हणून हारुनोबुच्या चित्रांत आज जे पाणी फिकट तांबूस-पिवळं दिसतं ते मुळात निळं होतं, आणि मळकट तपकिरी दिसणाऱ्या कित्येक वस्त्रांचा रंग मूळचा जांभळा. बर्लिनमध्ये शोध लागलेला, न विटणारा निळा रंग १८३० च्या सुमारास जपानात स्वस्त झाला, तेव्हा कुठे होकुसाई आणि हिरोशिगे या चित्रकारांची ती खोल निळी आकाशं आणि लाटा शक्य झाल्या.

बॉस्टनच्या कलासंग्रहालयात स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ साली दिलेली साडेसहा हजारांच्या आसपास ठसाचित्रं आहेत. देताना त्यांनी अट घातली की ती कधीही भिंतीवर लावायची नाहीत. आज मूळ रंग कसे होते हे अभ्यासकांना त्याच चित्रांवरून कळतं. कोणाला ही अट कद्रूपणाची वाटेल. मला ती फुलाचा स्वभाव ओळखणाऱ्या माणसांची वाटते.

आणि पांढरा? पांढरा रंग बहुतेक वेळा लावलेलाच नसतो. बर्फ म्हणजे न छापलेला कोरा कागद. चंद्रही तोच. बाईचा चेहरा, मान, मनगट, हेही तेच. बर्फात छत्री धरून चाललेल्या बाईचं एखादं चित्र बघा. चेहरा आणि बर्फ यांच्यामध्ये फक्त एक बारीक रेघ आहे, दोन्ही बाजूंना तोच कागद. कधी छापणारा रंग न लावता नुसती फळी दाबून उठाव आणायचा. मग कडेने उजेड पडला की साचलेल्या बर्फाच्या कडा किंवा पांढऱ्या वस्त्राची वीण सावलीसारखी दिसते. आपण आज ही चित्रं मोबाइलवर पाहतो, त्यात हा उठाव पूर्ण हरवतो. हातात धरून, तिरक्या उजेडात हलवून बघायची ही वस्तू होती.

झाडांची भाषा

आता वाचायला लागू. जपानी भाषेत 'मात्सु' म्हणजे पाइन वृक्ष, आणि 'मात्सु' म्हणजेच वाट पाहणं. हजार वर्षं कवींनी या श्लेषावर कविता केल्या. त्यामुळे पाइनखाली उभी असलेली बाई कोणाची तरी वाट पाहते आहे, हे एदोतल्या गिऱ्हाइकाला सांगावं लागत नसे. 'आकी' म्हणजे शरद ऋतू, आणि त्याच उच्चाराच्या क्रियापदाचा अर्थ कंटाळणं, मन भरणं. म्हणून शरदातली एकटी बाई दिसली की प्रियकराचं मन उडालं असावं ही शंका आपोआप येते. हातात पंखा असेल तर शंका पक्की होते, कारण उन्हाळा संपल्यावर बाजूला टाकलेला पंखा ही टाकून दिलेल्या स्त्रीची जुनी चिनी उपमा आहे. काजवा ओरडत नाही, आतल्या आत जळतो, म्हणून तो न बोललेल्या प्रेमाचा. एइशोसाई चोकी या चित्रकाराने १७९० च्या दशकात काजवे पकडणारी बाई आणि मूल काढलं. मागची रात्र त्याने अभ्रकाची पूड मिसळलेल्या काळसर रंगाने छापली. कागद हलवला की रात्रच लुकलुकते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कवयित्री आहे: ओनो नो कोमाची, नवव्या शतकातली. तिच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत एवढंच म्हटलंय की फुलांचा रंग बघता बघता उतरला, आणि मी लांबलेल्या पावसाकडे पाहत राहिले. पण मूळ शब्दांत 'रंग' म्हणजे रूपही, 'पाऊस पडणं' म्हणजे वय सरणंही, आणि 'लांबलेला पाऊस' म्हणजे शून्यात बघत बसणंही. एकाच वाक्यात बाग आणि बाई दोघी कोमेजतात. मराठीत हे तसंच्या तसं आणता येत नाही, कारण उपमा द्यायला दोन वेगळ्या वस्तू लागतात आणि इथे शब्द एकच आहे. कोमाचीची चित्रं शेकडो निघाली: दुष्काळात कविता म्हणून पाऊस पाडणारी कोमाची, म्हातारी कोमाची. ओठांच्या बेनीलाही लोक 'कोमाची-बेनी' म्हणत. उतरणाऱ्या रंगाची कविता जिने लिहिली तिचंच नाव उतरणाऱ्या रंगाला मिळालं.

ही भाषा अंगावरही असते. किमोनोवरची नक्षी ऋतूप्रमाणे बदलते, आणि भर उन्हाळ्यात बर्फाची नक्षी मुद्दाम घालतात, बघणाऱ्याला गार वाटावं म्हणून. चित्रात बागेचं एक पानही नसेल तरी बाईच्या बाह्यांवर कोणता महिना आहे ते बघायचं.

हारुनोबुने तर १७६६ च्या सुमारास निसर्ग पूर्णपणे घरात आणून दाखवला. चिनी परंपरेत सियाओ-सियांग नद्यांकाठच्या आठ दृश्यांची मालिका प्रसिद्ध होती. जपान्यांनी तीच आठ दृश्यं आपल्या बिवा सरोवराभोवती पाहिली: उतरणारे रानहंस, शरदातला चंद्र, रात्रीचा पाऊस, सांजवेळचा बर्फ, परतणारी शिडं, देवळाची संध्याकाळची घंटा, मावळतीचा उजेड, विरणारं धुकं. हारुनोबुच्या मालिकेचं नाव 'दिवाणखान्यातली आठ दृश्यं'. त्यात नदी नाही, डोंगर नाही, फक्त घरातल्या बायका आणि त्यांची कामं. कोतो या तंतुवाद्याच्या घोड्या तारांखाली तिरक्या रांगेत बसवलेल्या असतात. ते उतरणारे रानहंस. गोल आरसा हा शरदाचा चंद्र. चहाच्या किटलीत पाणी उकळू लागतं तो आवाज म्हणजे रात्रीचा पाऊस. रोगण दिलेल्या काळ्या पिंपावर रेशमाचा पांढरा पुंजका ताणून बसवलाय. तो डोंगरावरचा बर्फ. दांडीवरचा पंचा वाऱ्याने फुगला की परतणारं शीड. घड्याळाचे ठोके ही देवळाची घंटा.

बाई निसर्गात उभी आहे की निसर्ग बाईच्या हाताखाली आहे, हा प्रश्नच या मालिकेत पुसला जातो. शिवाय रेशीम ताणणं, पंचे वाळत घालणं या कामांना इतक्या मोठ्या काव्यपरंपरेच्या रांगेत बसवणं ही साधी गोष्ट नाही. या सगळ्या चित्रकलेतली माझी सर्वांत आवडती मालिका हीच.

किडे पाहणारा मुलगा

पुढच्या पिढीत तोरी कियोनागाने उंच, सडसडीत बायका घराबाहेर आणल्या. सुमिदा नदीच्या काठी, चेरीच्या बहराखाली, दोन-दोन तीन-तीन कागद जोडून केलेल्या मोठ्या चित्रांत त्या चालताना दिसतात. वारा दिसत नाही, पण वस्त्रांच्या काठांवरून कुठून कुठे वाहतोय ते कळतं.

मग आला कितागावा उतामारो. त्याने उलट केलं: बाईचा फक्त चेहरा आणि खांदे, मागे अभ्रकाची कोरी चमक. निसर्ग गायब. पण याच उतामारोचं १७८८ सालचं मोठं काम म्हणजे किड्यांचं चित्रपुस्तक: नाकतोडे, चतुर, सुरवंट, गोगलगाय, साप, आणि सोबत कविता. त्याचे गुरू तोरियामा सेकिएन यांनी त्या पुस्तकात शिष्याचं लहानपण सांगितलंय: चतुराला दोरा बांधून खेळणारा, रातकिडा तळहातावर घेऊन त्याच्यात रंगून जाणारा मुलगा. नाकतोड्याच्या पायाचा काटा बघणारी नजरच पुढे बाईच्या मानेवरून सुटलेल्या केसाकडे वळली, असं मला वाटतं. त्याच्या आधी बायकांचे चेहरे जवळजवळ सारखे असत. त्याच्या चित्रांत नाकाच्या, भुवईच्या इवल्याशा फरकाने माणूस वेगळं होऊ लागतं.

ते वेगळेपण सरकारला खुपलं. १७९३ च्या सुमाराची त्याची तीन सुंदरींची प्रसिद्ध रचना घ्या. एदोच्या आसाकुसा भागातल्या चहाच्या दुकानातली ओकिता, सेन्बेई बिस्किटांच्या दुकानदाराची मुलगी ओहिसा, आणि गायिका तोयोहिना. तिघी खऱ्या, तिघी शहराला माहीत. त्याच सुमारास हुकूम निघाला की वेश्यावस्तीबाहेरच्या स्त्रियांची नावं चित्रांवर घालायची नाहीत. मग नाव सांगायचं कोणी? पानाफुलांनी. ओकिताच्या अंगावर किरीच्या झाडाचं कुळचिन्ह, ओहिसाच्या अंगावर ओकची तीन पानं, तोयोहिनाच्या अंगावर प्रिमरोझचं फूल. बघणाऱ्याने पान ओळखायचं की बाई ओळखली. काही चित्रांत कोपऱ्यात वस्तूंची कोडी घालून नावाचे तुकडे लपवले. १७९६ मध्ये त्यांनाही बंदी आली. उतामारोला १८०४ मध्ये दुसऱ्याच कारणासाठी, तोयोतोमी हिदेयोशी या शासकाची चित्रं काढल्याबद्दल, पन्नास दिवस हातकड्या घालून ठेवलं. दोन वर्षांनी तो गेला.

१८४२ च्या सरकारी सुधारणांत वेश्या, गेइशा आणि नट यांची चित्रंच बंद झाली. प्रकाशकांनी नीतीचा आडोसा घेतला. कुनियोशी या चित्रकाराने शहाण्या आणि एकनिष्ठ स्त्रियांची मालिका केली, तिच्यात कागा प्रांतातली चियो आहे. अठराव्या शतकातली ही हायकू लिहिणारी स्त्री सकाळी विहिरीवर गेली, तर पोहऱ्याला निळ्या फुलांचा वेल गुंडाळला होता. तो तोडवेना, म्हणून ती शेजाऱ्यांकडे पाणी मागायला गेली. तीन ओळींची कविता तेवढीच आहे.

आणलेली झाडं

आता योशिवाराबद्दल. अनेक बिजिन-गा चित्रं तिथल्या स्त्रियांची आहेत, आणि त्यांच्याकडे नुसत्या सौंदर्याने बघणं मला जमत नाही. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर ही वस्ती आसाकुसाच्या मागे, भातखाचरांमध्ये हलवली गेली. भोवती खंदक, आत-बाहेर जायला एक मोठा दरवाजा. दरवाजाबाहेर एक विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. घरी परतणारे पुरुष तिथे वळून मागे बघत, म्हणून त्याचं नाव 'वळून पाहण्याचा विलो'. आतल्या स्त्रियांना मनात येईल तेव्हा त्या विलोपर्यंतही जाता येत नसे. बऱ्याच जणी सात-आठ वर्षांच्या असताना गरीब घरांतून पैशांच्या बदल्यात आलेल्या, आणि ते कर्ज फिटेपर्यंत अडकलेल्या.

दर वसंतात योशिवाराच्या मुख्य रस्त्यावर चेरीची झाडं लावत. लावत म्हणजे वाढवत नव्हते. कळ्या भरलेली मोठी झाडं मुळांसकट बाहेरून आणून रस्त्याच्या मधोमध रांगेत रोवायची, खाली कुंपण, रात्री कंदील. बहर ओसरला की उपटून घेऊन जायची. कितीतरी चित्रांत त्या बहराखालून भरजरी वस्त्रांतली गणिका हाताखालच्या लहान सेविका मुलींच्या लवाजम्यासह चालत जाताना दिसते. सुंदर आहे ते चित्र, खरंच सुंदर आहे. पण हे झाड तिथे उगवलेलं नाही हे कळल्यावर त्याच्याखालून चालणाऱ्या मुलीकडे बघायची नजर बदलते. तिचं नावही बहुधा निसर्गातून घेतलेलं: हानाओगी म्हणजे फुलांचा पंखा, ताकिगावा म्हणजे धबधब्याची नदी. ही नावं घराण्याची असत. एक हानाओगी गेली की ते नाव दुसरीला मिळे. मिनोवातल्या जोकान-जी देवळाला लोक 'टाकून देण्याचं देऊळ' म्हणत. योशिवारातल्या सुमारे २५ हजार स्त्रिया तिथे पुरल्या गेल्याचं सांगतात.

हे सगळं काढणारे जवळजवळ सगळे पुरुष होते, आणि विकत घेणारे बरेचसे पुरुषच. म्हणून होकुसाईची मुलगी ओई हिची मोजकी उरलेली चित्रं मला मोलाची वाटतात. ती ठसाचित्रं नाहीत, हाताने रंगवलेली आहेत. बाप म्हणे, स्त्रिया काढाव्यात तर माझ्या मुलीनेच. ठसाचित्रांत रात्र असली तरी सहसा सावली पडत नाही. ओईने सावली आणली. तिच्या योशिवाराच्या चित्रात गजांआड बसलेल्या स्त्रिया उजेडात आहेत, पण चेहरे गजांनी तुटलेले, आणि बाहेर अंधारात बघे उभे. दुसऱ्या चित्रात रात्री चेरीच्या झाडाखाली, दिव्याच्या उजेडात एक बाई हातात कुंचला घेऊन उभी आहे, कविता लिहायच्या बेतात. वर तारे. इथे कोणी तिच्याकडे बघत नाही, ती बघते आहे.

विसाव्या शतकात प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी ही जुनी चौघांची पद्धत पुन्हा उभी केली. त्यांचा चित्रकार कावासे हासुई याच्या १९२५ च्या चित्रात झोजो-जी देवळाच्या लाल महाद्वारासमोरून एक बाई छत्री वाऱ्याला लावून बर्फात चालली आहे. चेहरा दिसतच नाही. बर्फ तेव्हाही कोराच कागद होता.

शेवटी एक चित्र, ज्यात बाईच नाही. हिरोशिगेचं, १८५७ सालचं, एदोच्या शंभर स्थळांच्या मालिकेतलं. योशिवारातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली. खिडकीत ओला पंचा आणि पाण्याचा वाडगा ठेवलाय. जमिनीवर दाताळ्याच्या आकाराचे केसांचे आकडे पडले आहेत, पंचांगातल्या 'कोंबड्याच्या दिवशी' भरणाऱ्या जत्रेतून गिऱ्हाइकाने आणलेली भेट. डाव्या कडेला पडद्याची एक पट्टी, त्याच्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. खिडकीबाहेर भाताची खाचरं, जत्रेला निघालेल्या माणसांची लांब रांग, दूर फुजी, आणि सांजेच्या आकाशात उतरणारे रानहंस, कोतोच्या घोड्यांसारखे तिरके. खिडकीला उभे गज आहेत. गजांच्या आत, कट्ट्यावर एक पांढरं मांजर पाय पोटाशी घेऊन बसलंय आणि बाहेर बघतंय.